सात दिवस एकाच किनाऱ्यावर करायचं काय?

प्रश्न : ताई, मी मूळची अमरावतीची. नवरा कोकणातला, हर्णैचा. आम्ही बर्लिनला आलो त्याला चार वर्षं झाली. मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे, कीटात, म्हणजे इथल्या बालवाडीत जातो. आम्ही दोघंही नोकरी करतो आणि दर वर्षीची जवळजवळ सगळी रजा भारतात जाण्यात संपते. गेल्या वर्षी पहिल्यांदाच इथे फिरायचं ठरवलं आणि नऊ दिवसांत ब्रसेल्स, पॅरिस, ॲमस्टरडॅम केलं. तिसऱ्या दिवशी मुलाला ताप आला, आम्ही दोघं हॉटेलच्या खोलीत भांडलो, घरी आल्यावर वाटलं की यापेक्षा ऑफिस बरं. या वर्षी मला एक आठवडा समुद्रावर जाऊन नुसतं राहायचंय. नवरा म्हणतो, "सात दिवस एकाच किनाऱ्यावर करायचं काय? आणि समुद्र बघायचा तर आमच्या घरासमोर फुकट आहे." सासूबाईंना वाटतं, ती रजा आणि ते पैसे राखून दिवाळीला घरी यावं. माझी आई म्हणते, "पोराला पाण्याजवळ नेऊ नको, तुला पोहता येत नाही." ते खरंच आहे. मला पोहता येत नाही, पाण्याची भीतीही वाटते. तरी जावंसं वाटतं. हल्ली रात्री झोप लागत नाही, मुलावर उगाच चिडते आणि मग रडू येतं. मी हट्ट करतेय का? जायचं तर कुठे, कधी, कसं?

उत्तर : तू हट्ट करत नाहीयेस. आणि समजा करत असलीस, तरी या वर्षी तो पुरा कर.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं : "जवळजवळ सगळी रजा भारतात जाण्यात संपते." आम्हीही पहिली सहा वर्षं हेच केलं. चार आठवडे जायचो. पुणे, कोल्हापूर, मामेबहिणीचं लग्न, राहिलेली मुंज, दातांचा डॉक्टर, बँकेतली कामं. प्रत्येक घरी जेवायला आणि प्रत्येक घरी "एवढ्यात निघालात?" परत आलो की जेट लॅग उतरायच्या आत दुसऱ्या दिवशी ऑफिस. ते जाणं आवश्यकच असतं, आणि त्यात फार मोठा आनंद असतो. पण ते जाणं म्हणजे आपल्या माणसांचं देणं फेडणं आहे, विश्रांती नव्हे. दोन्ही एकाच खात्यातून भागवायला गेलं की विश्रांती संपते आणि देणंही अर्धवटच फिटतं.

तू जिथे नोकरी करतेस त्या देशाचा कायदा या बाबतीत फार स्पष्ट आहे. 1963 सालच्या रजेच्या कायद्यात वर्षाला किमान 24 दिवस रजा आहे. तो आकडा सहा दिवसांच्या आठवड्याचा. तुमचा आठवडा पाच दिवसांचा असेल तर ते 20 दिवस होतात, आणि कंपन्या सहसा त्याहून जास्त देतात. या रजेचं नावच 'एरहोलुंग्सउरलाउब' आहे, म्हणजे ताजंतवानं होण्यासाठीची रजा. ती तुकड्यातुकड्यांनी घ्यावी लागली, तरी त्यातला एक तुकडा सलग दोन आठवड्यांचा असावा, असं त्यात लिहिलं आहे. थकलेल्या शरीराला सलग वेळ लागतो हे तेव्हाच्या लोकांनी कायद्यात घातलं. तू त्यातला एकच आठवडा मागते आहेस.

आता हर्णैच्या माणसाकडे वळते. त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. जो समुद्राकाठी वाढला, त्याच्यासाठी समुद्र म्हणजे मासळीचा लिलाव, ओढून ठेवलेल्या होड्या, जून-जुलैतली मासेमारीची बंदी आणि नारळी पौर्णिमा. आपल्याकडे किनाऱ्यावरची माणसं समुद्राकडे तोंड करून बसत नाहीत, त्यांना कामं असतात. बसतात ते पुण्यामुंबईहून आलेले पाहुणे. तेव्हा पैसे देऊन आठवडाभर समुद्र बघायचा हे त्याला विचित्र वाटणारच. त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याला फक्त एवढं सांग, की तू ज्या समुद्राबद्दल बोलते आहेस तो वेगळा आहे आणि त्याचं सगळं समुद्रज्ञान तिथे पहिल्याच दिवशी उलटंपालटं होणार आहे.

कारण मी तुम्हाला बाल्टिक समुद्रावर जायला सांगणार आहे, जर्मनीच्याच उत्तर किनाऱ्यावर. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नसते. पौर्णिमा असो की अमावस्या, पाण्याची रेघ दिवसभर असते तिथेच असते. तिथी मोजून उधाण सांगणाऱ्या माणसाला याचं जे नवल वाटेल ते बघण्यासारखं असेल. पाणी अरबी समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच खारट. मुलाच्या तोंडात घोटभर गेलं तर तो तोंड वाकडं करेल, पण डोळे चोळत रडणार नाही. शिवाय वाळूचा किनारा बऱ्याच ठिकाणी हळूहळू उतरत जातो. सव्वातीन वर्षांच्या मुलासाठी आणि पाण्याला भिणाऱ्या आईसाठी याहून सोयीचा समुद्र मला माहीत नाही.

तुमच्या ओळखीचे कुणी उत्तर समुद्राचं, म्हणजे जर्मनीच्या वायव्येकडच्या नॉर्थ सीचं नाव घेतील. तो सुंदर आहे, पण तिथे दर सहा तासांनी पाणी मैलभर आत जातं आणि तसंच परत येतं. पाणी गेल्यावर त्या चिखलात वाटाड्याबरोबर चालत जाणं हा मोठा अनुभव आहे. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला की जा.

बर्लिनहून मी बाल्टिकवरचं कूलुंग्सबोर्न हे गाव सुचवेन. रोस्टॉकपर्यंत प्रादेशिक गाडीने अडीच-पावणेतीन तास, तिथून छोट्या गाडीने बाड डोबेरान, आणि तिथून मोली. मोली म्हणजे 1886 सालापासून धावणारी वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी. बाड डोबेरान गावात ती चक्क रस्त्यावरून, दुकानांच्या दारांसमोरून घंटा वाजवत जाते. मग शेतांतून, लिंडेनच्या झाडांखालून पाऊणएक तासात कूलुंग्सबोर्न. तुमच्या मुलाला सबंध सुट्टीत काय आवडलं असं वर्षभराने विचाराल तर तो समुद्राआधी मोलीचं नाव घेईल, आमच्या लेकीने घेतलं होतं. सहा वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. तुम्हा दोघांकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास असेल तर बाड डोबेरानपर्यंत वेगळा खर्चही नाही. गाडी भाड्याने घेऊन जाऊ नका. एकदा मोटार दाराशी उभी राहिली की नवरा तिसऱ्या दिवशी म्हणेल, "ल्यूबेक दीड तासावर आहे, जाऊन येऊ." आणि तुमचं ब्रसेल्स-पॅरिस पुन्हा सुरू होईल.

वाटेत हायलिगेनडाम लागतं, पांढऱ्या इमारतींचं गाव. 1793 साली तिथल्या ड्यूकने डॉक्टरच्या सल्ल्यावरून समुद्रस्नान केलं आणि ते जर्मनीतलं पहिलं समुद्रस्नानाचं गाव ठरलं. म्हणजे इथे समुद्रावर जाणं ही मुळात डॉक्टरने लिहून दिलेली गोष्ट आहे. आणि "करायचं काय?" याचं उत्तर त्या किनाऱ्यावर रांगेने मांडून ठेवलेलं दिसेल. श्ट्रांडकोर्ब : वेताची, छत असलेली, दोघांनी बसायची खुर्ची. 1882 साली रोस्टॉकमधल्या बार्टेलमान नावाच्या टोपल्या विणणाऱ्या कारागिराकडे संधिवाताने त्रस्त असलेली एक बाई आली. तिला वाऱ्यापासून आडोसा करून वार्नेम्युंडेच्या वाळूत बसायचं होतं. त्याने पहिली खुर्ची तिच्यासाठी विणली, आणि पुढल्या वर्षी त्याच्या बायकोने त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. दुखऱ्या अंगाच्या एका बाईला समुद्राकडे बघत बसायचं होतं, म्हणून एक अख्खी वस्तू जन्माला आली. आठवडाभरासाठी एक श्ट्रांडकोर्ब भाड्याने घ्या, रोज तीच, त्याच जागी. दिवसाला साधारण दहा-पंधरा युरो पडतात, आठवड्याचं घेतलं तर थोडं कमी. तुमच्या सुट्टीतला तो सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च असेल.

तीच जागा, हे मी मुद्दाम म्हणते आहे. मोठ्यांना नवीन जागा हवी असते, तीन वर्षांच्या मुलाला ओळखीची. गेल्या वर्षी तुमच्या मुलाला तिसऱ्या दिवशी ताप आला त्याचं कारण मी सांगू शकत नाही, पण नऊ दिवसांत तीन बिछाने बदलल्यावर कुठलंही मूल बिथरतं. एका जागी राहिलात की काय होतं बघ. पहिल्या दिवशी तो तुला चिकटून बसेल, वाळू पायाला लागते म्हणून रडेलही. दुसऱ्या दिवशी बादली उपडी करेल. तिसऱ्या दिवशी सकाळी बेकरीकडे जाताना कुठे वळायचं ते तो तुला सांगेल, पाव देणाऱ्या बाईला स्वतःहून "मॉर्गन" म्हणेल, कोपऱ्यावरच्या कुत्र्याची वाट बघेल. चौथ्या दिवसापासून ते गाव त्याचं झालेलं असेल. आणि तिथूनच तुमची सुट्टी सुरू होते, कारण तो आपला आपण खेळायला लागतो. आमच्या पहिल्या सुट्टीत माझ्या लेकीने पाचव्या दिवशी अडीच तास एकच खड्डा खणला. मी आणि तिचे बाबा तिथेच बसलो होतो. कितीतरी महिन्यांनी आम्ही किराणा, कीटा आणि व्हिसा सोडून दुसरं काही बोललो.

म्हणून सात दिवसांच्या खाली जाऊ नका. लांबलेल्या शनिवार-रविवारात फक्त चिकटून बसणं आणि रडणं वाट्याला येतं.

कधी जायचं? मुलगा शाळेत जात नाही तोवरच मिळणारी एक चैन आहे, ती वापरा. इथे शाळा सक्तीची झाली की सुट्टीबाहेर एक दिवसही नेता येत नाही, आणि शाळांच्या सुट्टीत घरभाडी चढतात. कीटाला तो जाच नाही. मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सांगेन. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा सोळा-सतरा अंशांवर असतं, गर्दी ओसरलेली असते, भाडंही उतरलेलं असतं. जूनमध्ये ऊन छान असतं पण पाणी फार गार, शिवाय सूर्य पावणेदहाला मावळतो आणि मूल झोपायचं नाव घेत नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर मात्र बऱ्याच किनाऱ्यांवरचे जीवरक्षक जातात, म्हणून फार पुढे ढकलू नका. आणि सोळा अंश म्हणजे आपल्या माणसाला गारच, हे आधीच सांगून ठेवते. बाल्टिकला एक खोडही आहे : वारा जमिनीकडून वाहायला लागला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी किनाऱ्याला येतं. काल पोटरीपर्यंत उतरलेला मुलगा आज पाय ओला झाला की किंचाळेल. त्या दिवशी वाळू पुरते.

हॉटेल घेऊ नका, फेरियनवोनुंग घ्या, म्हणजे स्वयंपाकघर असलेलं सुट्टीचं घर. किनाऱ्यापासून चालत पाच-सात मिनिटांत हवं. त्यापेक्षा लांब असेल तर दुपारी पेंगुळलेलं मूल, बादल्या, टॉवेल आणि ओले कपडे घेऊन चालताना तुम्ही पुन्हा भांडाल. तळमजला मिळाला तर उत्तम. घर ठरवताना तीन गोष्टी विचारा. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत की वेगळे पैसे? शेवटच्या साफसफाईचे किती? शेगडी कुठली? इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही, स्टीलचा न्या. गावात राहण्याचा कर वेगळा असतो, कूअरटाक्स म्हणतात. मोठ्या माणसाला रात्रीचे साधारण दोन-तीन युरो, लहान मुलांना सहसा माफ.

खाण्याचं फार मांडू नकोस. तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, तूप, थालीपिठाची भाजणी, पोहे. गाडीसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या. रात्री मऊभात, झालं. दुपारी किनाऱ्यावरचा फिशब्र्योटशन खा, म्हणजे पावात घातलेला मासा. हर्णैच्या माणसाला खारवलेला कच्चा हेरिंग रुचेल का सांगता येत नाही, पण तळलेला बाकफिश तो नक्की मागून खाईल, मुलगाही खाईल. आणि सांडडोर्नचा रस पिऊन बघा. वाळूच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या काटेरी झुडपाची ती केशरी फळं, चव आवळ्याच्या वळणाची. त्यात साखर-पाणी घालून मी सरबत करते आणि मला कोकमाची आठवण येते.

आता पाणी. इथे मी लांबण लावणार आहे, कारण तुझ्या आईची काळजी खरी आहे.

पहिला नियम : मुलगा पाण्यात किंवा पाण्याच्या रेघेवर असेल तेव्हा तुमच्यापैकी एक जण त्याच्यापासून हातभर अंतरावर असेल, फोन पिशवीत ठेवून. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवत नाही. गुडघाभर पाण्यात पालथं पडतं आणि आवाजच येत नाही. पाळ्या वाटून घ्या आणि पाळी बदलताना तोंडाने सांगा, "आता तू." नुसतं गृहीत धरलं की दोघांनाही वाटतं, दुसरा बघतोय. दंडावरचे हवेचे पट्टे मदतीला आहेत, राखणीला नाहीत. फुगवायची गादी, मगर, हंस यांतलं काहीही समुद्रावर नेऊ नका. जमिनीकडून वारा असला की ते बघता बघता आत जातं आणि माणूस त्याच्या मागे जातो.

जीवरक्षकांच्या मनोऱ्यावर लाल-पिवळा झेंडा असला की ते कामावर आहेत. त्याच्या जोडीला पिवळा लागला तर पोहता न येणाऱ्यांनी पाण्यात जायचं नाही, म्हणजे तू आणि मुलगा दोघांनी नाही. नुसता लाल म्हणजे कुणीच नाही. किनाऱ्यापासून आत गेलेल्या लाकडी खांबांच्या रांगा दिसतील, त्यांना बूनन म्हणतात. वाळू वाहून जाऊ नये म्हणून त्या ठोकलेल्या असतात. मुलांना त्यांच्यावर चढावंसं वाटतं, पण त्यांच्या बाजूला पाणी ओढ घेतं आणि तळाशी खड्डे पडलेले असतात, तेव्हा तिथून लांब. हे नवऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. समुद्राची ओढ त्याला तुझ्यामाझ्यापेक्षा चांगली कळते, पाण्याची जबाबदारी त्याच्याकडे द्यावी असं मला वाटतं. त्याच्या "करायचं काय?"चं निम्मं उत्तर त्यातच आहे.

दुसरा धोका पाण्यात नाही, वाळूत आहे. माझी लेक चार वर्षांची असताना बादली घेऊन पाणी आणायला गेली, परतताना चुकली. सगळ्या श्ट्रांडकोर्ब सारख्याच दिसतात. बारा मिनिटं ती सापडत नव्हती. मी आधी पाण्याकडे धावले, तेच बरोबर, आधी पाणीच बघायचं. ती निघाली आमच्या मागच्या तिसऱ्या रांगेत, एका आजींच्या मांडीवर, हुंदके देत. त्या बारा मिनिटांबद्दल मला आजही नीट लिहिता येत नाही. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी केल्या. श्ट्रांडकोर्बवर नंबर असतो, तो तिला पहिल्याच दिवशी गाण्यासारखा पाठ करून दिला. छताला एक लाल ओढणी बांधली, लांबून दिसेल अशी. आणि मनगटावर पट्टी बांधून त्यावर माझा फोन नंबर लिहिला. तू हे तिन्ही कर. मुलाला भडक रंगाचे कपडे घाल, निळे-पांढरे नकोत.

ऊन वाऱ्यामुळे जाणवत नाही, म्हणून जास्त भाजतं. आपण सावळे आहोत म्हणून क्रीम नको, असं आपल्याकडे म्हणतात, ते खरं नाही. लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे, मानेवर येणारी टोपी, आणि अकरा ते तीन घरी. जेवण, झोप, गोष्ट. जेलीफिश दिसतील. काचेसारख्या, आत चार गोल कडी असलेल्या निरुपद्रवी. लांब तंतू असलेल्या तांबूस-पिवळ्या दिसल्या तर पाण्याबाहेर या. किनाऱ्यावर तृणमणी, म्हणजे अंबर, सापडतो आणि तो शोधण्याचा मुलांना नाद लागतो. पण सापडलेलं काहीही खिशात घालायचं नाही, पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबमधला पांढरा फॉस्फरस अजूनही या समुद्रातून वर येतो. ओला असताना तो हुबेहूब अंबरासारखा दिसतो आणि वाळला, अंगाची ऊब लागली की पेट घेतो. पेनेम्युंडेच्या रॉकेट-तळावर बाँबहल्ले झाले त्या उझेडोम बेटावर हे जास्त होतं, पण मी सगळीकडेच डबा नेते. अडचण आली तर 112, आणि रात्री-अपरात्री ताप आला, डॉक्टर हवा असला, तर 116117.

तू लिहिलं नाहीस, पण बऱ्याच जणी खाजगीत विचारतात म्हणून सांगते : या किनाऱ्यांवर काही भागांत लोक विवस्त्र असतात. तिथे एफकेके अशी पाटी असते. नको असेल तर टेक्स्टिलश्ट्रांड लिहिलेल्या भागात जागा घ्या. तू काय घालावंस याकडे तिथे कुणीही बघत नाही. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप घालून मी पंधरा वर्षं पाण्यात उतरते आहे.

पाऊस एक-दोन दिवस येईलच. कीटातली चिखलात घालायची विजार आणि गमबूट घेऊन जा, पावसातही तासभर वाळूत जा, किनारा तेव्हा तुमच्या एकट्यांचा असतो. उरलेल्या वेळात मोलीने बाड डोबेरानला जाऊन या. विटांचं भव्य चर्च आहे, सातशे वर्षांच्या घरातलं, पण मुलासाठी इंजिनाची शिट्टी पुरे. हा एवढाच फेरफटका. बाकी काही "बघू" नका.

सासूबाईंचं कसं करायचं? त्यांना न सांगता जाऊ नका आणि अपराधी चेहऱ्यानेही सांगू नका. नवऱ्यानेच सांगावं, त्याच्या आईला त्याने. दिवाळी नको असं कुणी म्हणत नाहीये. वर्षाची रजा कागदावर मांडा, भारताचे आठवडे आधी लिहा, मग हा एक आठवडा. तो कागद बघितला की त्यांच्या लक्षात येईल की त्यांच्या वाट्याचं काही काढून घेतलेलं नाही. आणि संध्याकाळी वाळूतून फोन लावा. हर्णैच्या आजीला नातवाने लाटेवरून मारलेल्या उड्या बघायला मिळाल्या, की ती त्याला काय काय सांगेल ते तूही ऐक. तिच्याकडे समुद्राच्या ज्या गोष्टी आहेत त्या तुमच्या बर्लिनच्या घरी फोनवर बोलताना तिला आठवल्याच नसतील.

तुझ्या भीतीबद्दल : या आठवड्यात ती जाणार नाही, जायला हवी असंही नाही. घोट्यापर्यंत उतर, मुलाचा हात धरून. तेवढं पुरे. परत आल्यावर बर्लिनमधल्या एखाद्या तरणतलावात मोठ्या माणसांच्या नवशिक्या वर्गात नाव घाल. मी एकेचाळिसाव्या वर्षी शिकले, माझ्या वर्गात साठीच्या दोन बायका होत्या. मुलगा पाच वर्षांचा होईल तेव्हा तो झेपफेर्डशन या पहिल्या बिल्ल्यासाठी शिकायला लागेल, तोवर तू त्याच्या पुढे असशील.

आता पत्राच्या शेवटी लिहिलंयस ते. झोप नाही, चिडचिड, मग रडू. एका आठवड्याने हे हलकं होईल, पण ते परत येऊ नये म्हणून तुला एक गोष्ट माहीत असायला हवी, जी आपल्या बायकांना इथे कुणी सांगत नाही. जर्मनीत 'मुटर-किंड-कूअर' नावाची सोय आहे. दमलेल्या, आजारपणाच्या उंबरठ्यावर आलेल्या आईला मुलासकट तीन आठवडे एखाद्या उपचारगृहात पाठवतात, त्यातली कितीतरी समुद्राकाठीच आहेत. सरकारी आरोग्यविमा असेल तर खर्च विमा करतो, तुझे दिवसाला 10 युरो. ती वार्षिक रजेतून कापली जात नाही. मूल दिवसा सांभाळलं जातं, तुला व्यायाम, सल्ला, झोप. वडिलांनाही हीच सोय मिळते. डॉक्टरचं पत्र लागतं. 1950 पासून काम करणाऱ्या म्युटरगेनेझुंग्सवेर्क या संस्थेची सल्लाकेंद्रं अर्ज भरायला फुकट मदत करतात. पहिला अर्ज फेटाळला गेला तर घाबरू नकोस, लेखी हरकत घ्यायची. माझ्या एका मैत्रिणीला दुसऱ्या खेपेस मिळाली. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा मी तिला स्टेशनवर घ्यायला गेले होते, आणि तिचा आवाज बदललेला होता.

म्हणून डॉक्टरची वेळ या आठवड्यातच घे. झोपेचं, रडण्याचं त्यांना तुझ्या पत्रात आहे तसंच सांग, कमी करून सांगू नकोस. दुसरा फोन घरासाठी. आधी सप्टेंबरचा पहिला आठवडा माग, नाही मिळाला तर दुसरा. शेगडीचं विचारायला विसरू नकोस.